गुरुजींनी हार्लनबाईंना दिलेला दिवा

मुलांनो, आधी एक काम करा. कल्पना करा, पण डोळे मिटू नका, डोळे मिटले तर पुढचं वाचणार कसं? तर एक स्वयंपाकघर आहे. जर्मनीतल्या आखन गावातलं, तिसऱ्या मजल्यावरचं. बाहेर जानेवारीचा बारीक पाऊस तीन दिवस पडतोय आणि त्याला थांबायची काही घाई नाही. खिडकीखाली हीटर आहे, आणि त्या हीटरला पाठ लावून एक एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ बसलेत. डोक्याला माकडटोपी, अंगात दोन स्वेटर, पायात मुलाचे लोकरीचे मोजे. आता त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आणा, की जगातल्या कुठल्याही थोर माणसाबद्दल विचारा, आम्हाला सगळं ठाऊक आहे. जमलं? मग हे झाले आपले सुखदेव गुरुजी.

गुरुजींनी वाशीम जिल्ह्यातल्या एका शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. शिकवण्यापेक्षाही त्यांचं नाव गाजलं ते भाषणं लिहून देण्यात. जयंती असो, पुण्यतिथी असो, तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा असो, आदल्या दिवशी पोरं वही घेऊन त्यांच्या दारात उभी राहत. "गुरुजी, भाषण." गुरुजी चहा थंड व्हायच्या आत भाषण लिहून देत. लोकांना वाटे, काय हा व्यासंग. खरी गोष्ट फक्त गुरुजींना आणि त्यांच्या बायकोला, अंजनाबाईंना, माहीत होती. चौतीस वर्षांत गुरुजींनी भाषण एकच लिहिलं होतं. नाव आणि तारखा तेवढ्या बदलायच्या.

त्या भाषणातला थोर माणूस गरीब घरात जन्मे. घरात दिवा नसे, म्हणून तो रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करी. शाळा आठ मैल लांब, आणि तो अनवाणी चालत जाई. फी भरायची वेळ आली की आई अंगावरचं डोरलं मोडी. मग तो मोठा होई आणि शेवटी कोटी कोटी प्रणाम. एकदा तर गुरुजींनी एका राजपुत्राला त्या दिव्याखाली बसवलं होतं. राजवाडा सोडून तो रस्त्यावर का बसला, हे परीक्षकांनीही विचारलं नाही. दुसरा क्रमांक आला. पहिला का आला नाही, याचं गुरुजींना पुढे महिनाभर आश्चर्य वाटत होतं.

असे हे गुरुजी अंजनाबाईंना घेऊन तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. मुलगा उज्ज्वल आखनच्या एका तांत्रिक संस्थेत संशोधन करायचा, सून प्रिया आठवड्यातून तीन दिवस रेल्वेने कोलोनला नोकरीला जायची. आणि त्यांची मुलगी ईप्सिता, वय वर्षं नऊ, चौथीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. आजोबांना आतापर्यंत जर्मनचे मोजून चाळीस शब्द आले होते, त्यातले निम्मे पावांचे प्रकार. म्हणून आजोबांशी बोलताना ती थांबून थांबून, एकेक शब्द शोधून मराठी बोलायची. गुरुजींना वाटायचं, नात आपल्यासाठी एवढे कष्ट घेते. अंजनाबाई म्हणायच्या, "ती बोलते हळू, म्हणून निदान तुम्हाला ऐकावं तरी लागतं."

एका रविवारी सगळे चहाला बसले होते तेव्हा प्रियाने विषय काढला.

"बाबा, इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. कुणी कुठल्या शाळेत जायचं, त्याचा सल्ला वर्गाच्या बाई देतात. महिनाअखेरीस देतील."

"मग चिंता कशाची? पोरगी हुशार आहे."

"हुशार आहे असं बाईपण म्हणतात. पण म्हणतात, वर्गात तिचा आवाजच ऐकू येत नाही. पुढच्या शाळेत तिचा टिकाव लागेल का, असं त्यांना वाटतंय. शुक्रवारी तिचं रेफेराट आहे. म्हणजे वर्गासमोर उभं राहून एका विषयावर बोलायचं. तिच्या बाई, फ्राउ लेनार्त्स, म्हणाल्या, त्या दिवशी तिला नीट ऐकायचंय."

वर्गासमोर उभं राहून बोलायचं, एवढंच गुरुजींच्या कानात शिरलं. त्यांनी कप खाली ठेवला. दोन स्वेटरांच्या आत छाती फुगली.

"विषय काय?"

ईप्सिताने दप्तरातून एक कागद काढला. वर्गातल्या प्रत्येकाने जगातल्या एकेका कवीच्या नावाची चिठ्ठी उचलली होती. तिच्या वाट्याला आली होती विनिफ्रेड हार्लन नावाची अमेरिकेतली कवयित्री. कागदावर जर्मनमध्ये दहा-बारा ओळी होत्या.

"आजोबा, ती बस चालवायची," ईप्सिता म्हणाली. "शाळेची. एकतीस वर्षं."

"कवयित्री बस चालवायची?"

"या," ईप्सिता म्हणाली. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. "आणि मुलं उतरली की ती कविता लिहायची. हजेरीच्या कागदावर, मागच्या बाजूला. अठ्ठावन्न वर्षांची झाली तेव्हा पुस्तक आलं. मग ती खूप... खूप..." तिने शब्द शोधला. "सगळ्यांना माहीत झाली."

"प्रसिद्ध."

"गेनाऊ, बरोबर. तीन कविता जास्त प्रसिद्ध. एक 'रिकामी बस'. एक 'काचेवरचे ठसे'. एक 'सर्वात उजळ घर'."

"बालपण?"

"बालपण इथे नाही लिहिलं."

"लिहिलं नसलं तरी असतंच," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी टोपी काढली. टोपी काढली म्हणजे भाषण येणार, हे अंजनाबाईंना चाळीस वर्षं ठाऊक होतं. त्या कप उचलून बेसिनकडे गेल्या.

"अहो, कविता तरी वाचा आधी बाईंच्या."

"कविता नंतर. आधी व्यक्तिमत्त्व."

सोमवारपासून तालीम सुरू झाली. गुरुजी मराठीत एक वाक्य सांगत, ईप्सिता त्याचं जर्मन करी आणि वहीत लिही.

"लिही. बालपण अत्यंत हलाखीत गेलं. घरात दिवा नव्हता, म्हणून विनिफ्रेड रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करायची."

ईप्सिताची पेन्सिल थांबली. "खरंच?"

"थोर माणसं अशीच असतात, बेटा."

ईप्सिताने लिहिलं. मग आठ मैल आले, अनवाणी पाय आले, आणि डोरलं आलं. अमेरिकेत डोरलं कसं असेल, असा प्रश्न गुरुजींनाही क्षणभर पडला. पण त्यांनी त्याची माळ केली आणि ते पुढे गेले. शेवटी कोटी कोटी प्रणाम आले तेव्हा मात्र ईप्सिताने मान वर केली.

"आजोबा, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. दोनदा. एवढे नमस्कार करायला किती वर्षं लागतील?"

"करायचे नसतात. म्हणायचे असतात."

"बाई म्हणतात, पाठ नाही करायचं. कार्डावर थोडे शब्द लिहायचे आणि बोलायचं."

"पाठ केल्याशिवाय आत्मविश्वास येत नाही," गुरुजी म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांना यावर कुणी उलट उत्तर दिलं नव्हतं, कारण उत्तर देणाऱ्यालाही त्यांनी पाठच करायला लावलं असतं.

मग हातवारे. 'दिवा' म्हटलं की उजवा हात वर. 'अनवाणी' म्हटलं की नजर पायाकडे. 'आई' म्हटलं की हात छातीवर. गुरुजी जर्मनचं अक्षरही न कळता प्रत्येक वाक्याला मान हलवत आणि म्हणत, "आवाज. आवाज वर. शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे." मंगळवारी संध्याकाळी ईप्सिता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभी राहिली, उजवा हात वर केला आणि अशी काही गरजली, की खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. घरात कुणी पडलंबिडलं का, हे बघायला. प्रियाने दारातच त्यांची माफी मागितली. गुरुजींना मात्र कुणीतरी ढाल हातात दिल्यासारखं झालं.

"बघ," ते ईप्सिताला म्हणाले, "शेवटचं बाक सोड. तळमजल्याच्या वाटेवर आहे आवाज."

ईप्सिता हसली. स्टुलावरून उतरलीच नाही. "अजून एकदा?" तिने विचारलं. उज्ज्वल दारात उभा होता. तो बापाकडे बघून हळूच म्हणाला, "बाबा, एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला पहिल्यांदा बघतोय." त्या संध्याकाळी गुरुजींना भूक जरा जास्तच लागली.

अंजनाबाई तेवढ्या पालक निवडता निवडता नातीला म्हणाल्या, "ईपू, आजोबांना विचार, ते स्वतः दिव्याखाली किती वेळ बसले होते."

"तो विषय नाही आत्ता," गुरुजी म्हणाले.

"वीस मिनिटं," अंजनाबाई म्हणाल्या. "सातवीत होते. ग्रामपंचायतीचा खांब होता चौकात. बसले. वर दिवा, दिव्याला किडे, किडे पुस्तकावर, एक किडा नाकात. आले घरी पळत. सासूबाईंनीच मला सांगितलंय."

"पंचवीस मिनिटं," गुरुजी म्हणाले.

बुधवारी दुपारी गुरुजी नातीला घेऊन वाचनालयात गेले. वर्गात दाखवायला हार्लनबाईंचं पुस्तक हवं होतं. पुस्तक मिळालं, डाव्या पानावर इंग्रजी आणि उजव्या पानावर जर्मन. परतताना बसमध्ये ईप्सिता खिडकीच्या ओल्या काचेवर बोटाने घोडा काढत बसली, आणि गुरुजींनी चष्मा चढवून पुस्तक उघडलं. आता भाषण तयारच होतं. कविता वाचायला हरकत नव्हती. उगाच एखादी ओळ मध्ये पेरता आली तर बरं, एवढाच हेतू.

त्यांचं इंग्रजी बोटाने चालायचं. एकेका शब्दाखाली बोट धरत त्यांनी 'सर्वात उजळ घर' वाचायला घेतली. हार्लनबाई साध्या भाषेत लिहायच्या, नाहीतर पहिल्याच ओळीत गाडी अडली असती. मनातल्या मनात गुरुजी मराठी करत गेले ते असं:

आमचे वडील गावात वीज आणणारे.
आमच्या घरात नऊ दिवे होते,
कोंबड्यांच्या खुराड्यातही एक.
पलीकडच्या मुलीकडे एकही नव्हता.
ती वही घेऊन आमच्या कुंपणाशी बसायची.
मी पडदा जरा बाजूला सारून ठेवायचे.
या गोष्टीबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

गुरुजींचं बोट शेवटच्या ओळीखालीच राहिलं. एक स्टॉप गेला, दुसरा गेला.

हार्लनबाईंच्या आयुष्यात दिवा होता. फक्त त्या दिव्याच्या आतल्या बाजूला होत्या. आणि गुरुजींनी त्यांना उचलून बाहेर रस्त्यावर नेऊन बसवलं होतं, अनवाणी. कोंबड्यांना सुद्धा दिवा होता. गुरुजींनी ती ओळ पुन्हा वाचली, कोंबड्यांचं काही चुकून वाचलं असेल तर बरं, या आशेने. चुकलं नव्हतं. आपल्यासाठी सातवीत कुणी असा पडदा सारला असता तर आपण वीस मिनिटांहून जास्त टिकलो असतो का, असंही एकदा त्यांच्या मनात आलं. पण प्रामाणिक उत्तर 'नाही' असंच होतं. किडे कुंपणाशीही आले असते.

त्यांनी पुस्तक मिटलं.

आता मुलांनो, गुरुजींच्या डोक्यात त्या बसमध्ये काय चाललं होतं ते सांगतो, आणि ते फारसं शोभणारं नव्हतं. ते म्हणत होते, ईपूला हे सांगायचं तरी कशाला? चौथीच्या पोरांना काय कळणार आहे? बाई तरी कशाला पुस्तक उलगडून बघतील? पोरगी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलतेय. हे भाषण काढून घेतलं तर शुक्रवारी ती पुन्हा तोंडातल्या तोंडात बोलेल, आणि मग सल्ला भलत्याच शाळेचा. एक दिवा तो काय, खोटा तर खोटा. राजपुत्राचा चालला, तर बस चालवणाऱ्या बाईचा का चालणार नाही?

हे सगळे मुद्दे त्यांनी ओळीने मांडले. भाषण म्हणून उत्तम होतं. पण शेजारी ईप्सिता काचेवरच्या घोड्याला शेपूट काढत होती, आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. गुरुजींनी कान दिला. ती दिव्याचं वाक्य घोकत होती. त्यांच्या चाळीस जर्मन शब्दांत दिवा होता.

घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला. मग आणखी अर्धा कप घेतला. मग अंजनाबाई म्हणाल्या, "अहो, काय झालंय? तिसऱ्यांदा साखर घालताय त्याच कपात."

"ईपू," गुरुजी म्हणाले, "इकडे ये. बस."

ती समोर बसली. गुरुजींनी कवितेचं पान उघडून तिच्यापुढे सरकवलं. "उजव्या बाजूचं वाच. मनात."

ती वाचायला लागली. जर्मन असल्यामुळे तिला बोट लागलं नाही. शेवटपर्यंत आली, परत वर गेली. मग तिने आजोबांकडे पाहिलं.

"ती दिव्याखाली नव्हती बसली."

"नाही."

"तुम्ही म्हणालात."

"म्हणालो. मला माहीत नव्हतं, आणि मी म्हणालो." चौतीस वर्षांत हे वाक्य गुरुजींनी कुठल्याही विद्यार्थ्यापुढे उच्चारलं नव्हतं. सवय नसल्यामुळे ते जरा घाईत बाहेर पडलं. "माझी चूक झाली, बेटा."

ईप्सिताने वही उघडली, पेन्सिल घेतली आणि डॉक्टर नाडी बघताना विचारतात तशा आवाजात विचारलं, "अनवाणी?"

"तेही माहीत नाही."

एक रेघ ओढली. "आठ मैल?"

"तेही मीच घातले."

दुसरी रेघ. "आईची माळ?"

"आईला माळ होती की नाही, हेही मला माहीत नाही."

"मग खरं काय आहे?"

"बस," गुरुजी म्हणाले. "आणि तारखा. तारखा मी कागदावरून घेतल्या होत्या."

ईप्सिता वहीकडे बघत राहिली. दोन पानांच्या भाषणातल्या चार ओळी उरल्या होत्या. तिचा खालचा ओठ पुढे आला. रडली असती तर त्यांना जमलं असतं, रडणाऱ्या मुलांची चौतीस वर्षांची सवय होती. ती रडली नाही. तिने विचारलं, "आणि बाकीचे? तुम्ही गोष्टी सांगता ते सगळे? ते पण कुणी नाही बसले?"

"काही जण खरंच बसले होते," गुरुजी म्हणाले. "सगळे नाही. कोण खरे आणि कोण माझे, ते मी तुला एकेक करून सांगेन."

"राजपुत्र?"

"राजपुत्र माझा."

बेसिनपाशी अंजनाबाईंना खोकला आला. तो खोकला नव्हता, हे सगळ्यांना कळलं.

ईप्सिताने पुस्तक छातीशी धरलं, उठली आणि खोलीत गेली. दार लावून घेतलं. गुरुजी उठून दारापर्यंत गेले, आणि बाहेरूनच म्हणाले, "मी नवीन लिहून देऊ का? एका तासात होईल."

आतून उत्तर आलं, "नको, आजोबा."

दोन शब्द. आणि तेही मराठीत, म्हणजे त्यांना नक्की कळावेत म्हणून. गुरुजी हीटरपाशी येऊन बसले.

"आता काय करणार ती?" ते म्हणाले.

"वाचेल," अंजनाबाई म्हणाल्या. "तुम्ही जे आधी करायला हवं होतं ते."

गुरुवारी तालीम झाली नाही. ईप्सिता शाळेतून आली, जेवली आणि पुस्तक घेऊन पुन्हा खोलीत. प्रियाने एकदा विचारलं, "तयारी झाली का गं?" तर आतून "या" एवढंच आलं. गुरुजींनी त्या दिवशी हीटरजवळ बसून हार्लनबाईंच्या बाकीच्या दोन कविताही बोटाने वाचून काढल्या. 'काचेवरचे ठसे' मध्ये बाई शाळेनंतर बस पुसताना खिडक्यांवरचे मुलांच्या नाकांचे ठसे मुद्दाम ठेवून देतात. 'रिकामी बस' मध्ये तर काहीच घडत नाही, नुसती रिकामी बस आणि मागच्या सीटवर विसरलेला एक हातमोजा. आणि तरी गुरुजींना ती दोनदा वाचावीशी वाटली. चौतीस वर्षं मी कवींचे फक्त जन्म आणि मृत्यू शिकवले, असं त्यांच्या मनात आलं. मधलं सगळं दिव्याखाली घातलं.

शुक्रवारी घरच्यांनाही वर्गात बोलावलं होतं. उज्ज्वलला रजा मिळाली नाही. अंजनाबाई म्हणाल्या, "मी आले तर ती मलाच बघत बसेल, तुम्ही जा." म्हणून गुरुजी आणि प्रिया गेले. मागच्या रांगेत नऊ वर्षांच्या मुलांच्या खुर्च्या होत्या. गुरुजी बसले तेव्हा त्यांचे गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकले. आधी दोन मुलं बोलून गेली. फ्राउ लेनार्त्स खिडकीपाशी वही घेऊन बसल्या होत्या आणि काहीतरी लिहीत होत्या. गुरुजींना त्या वहीची भीती वाटली, जशी एके काळी पोरांना त्यांच्या वहीची वाटायची.

मग ईप्सिता पुढे आली. हातात पुस्तक आणि तीन छोटी कार्डं. प्रिया सासऱ्यांच्या कानाशी वाकून एकेक वाक्य मराठीत सांगायला लागली.

पण पहिल्या वाक्याला सांगायची गरजच पडली नाही. ईप्सिताने उजवा हात वर केला, आणि स्टुलावरचा तो आवाज वर्गात घुमला. दिवा. मग नजर पायाकडे. मग हात छातीवर. बाईंची पेन्सिल थांबली. गुरुजींना घाम फुटला, जानेवारीत.

मग ईप्सिताने हात खाली घेतला. आणि आपल्या नेहमीच्या आवाजात काही म्हणाली.

"काय म्हणाली?" गुरुजींनी विचारलं.

"म्हणाली, हे कुणाकुणाला खरं वाटलं, हात वर करा."

सगळ्या वर्गाचे हात वर झाले. बाईंनीही केला. गुरुजींचा हात मांडीवरून जरासा उचलला गेला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने खाली दाबला.

"आता म्हणतेय, यातलं काहीच खरं नाही," प्रिया कुजबुजली. आणि मग थोडं थांबून, "म्हणतेय, हे मी आणि माझ्या आजोबांनी लिहिलं, तेव्हा आम्ही तिच्या कविता वाचल्या नव्हत्या."

'मी आणि माझ्या आजोबांनी' असं ती म्हणाली होती. अर्धी चूक तिने स्वतःकडे घेतली होती, न मागता.

वर्ग हसला. मुलं मागे वळून आजोबा कोण ते शोधायला लागली, आणि माकडटोपीमुळे त्यांना ते लगेच सापडले. गुरुजींनी हात जोडले. त्यावर आणखी हसू पिकलं. त्या गोंधळातच ईप्सिताने पुस्तक उघडलं आणि 'सर्वात उजळ घर' वाचायला लागली. आता तिचा आवाज तिचाच होता, म्हणजे बारीक. समोरच्या दोन रांगांना ऐकू जात असेल नसेल. मागून एक मुलगा ओरडला, "लाउटर." मोठ्याने.

बाईंनी मान उचलली. ईप्सिता थांबली. तिची नजर वर्गावरून फिरत मागच्या रांगेपर्यंत आली, थेट आजोबांवर. आणि गुरुजींचा हात, चौतीस वर्षांची सवय ती, आपोआप वर उठला होता. तळवा आभाळाकडे. आवाज वर, आवाज वर.

ईप्सिताने ते पाहिलं. तिने मान हलवली, अगदी जराशी, नाही म्हणून. गुरुजींनी हात खाली घेतला आणि तो मांडीखाली घालून त्यावर बसले.

मग तिने पुस्तक तसंच उघडं धरून दोन पावलं पुढे टाकली, बाकांच्या मधल्या वाटेत, पार मुलांच्या मध्ये. तिथे उभी राहिली. सगळे गप्प होईपर्यंत थांबली. आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली, तेवढ्याच आवाजात.